फळमाशीचे पट्टे मोजताना सोलापूरचा उन्हाळा सांभाळा

फळमाशीच्या (ड्रोसोफिला) भ्रूणात कोणते जनुक बिघडले, हे त्याच्या पोटावरचे दातेरी पट्टे मोजून ओळखता येते. १९८० साली नुसलाइन-फोल्हार्ड आणि वीशाउस या शास्त्रज्ञांनी असेच पट्टे वाचून शरीराचे खंड पाडणारी १५ जनुके मांडली. निरोगी भ्रूणाला छातीवर ३ अरुंद आणि पोटावर ८ रुंद पट्टे असतात. आधी हे ११ डोळ्यांत बसू द्या.

अंडी घालायच्या थाळीसाठी ७५ मिली पाणी, २५ मिली द्राक्षरस, ३ ग्रॅम अगार (थाळी घट्ट करणारी पूड), अडीच ग्रॅम साखर. अगार पाण्यात उकळून मगच रस घाला. सोलापूरजवळच्या नान्नजकडची काळी द्राक्षे मिळाली तर उत्तम, गडद थाळीवर पांढरी अंडी पटकन दिसतात. मधोमध यीस्टचा छोटा ठिपका लावा. दोन तास अंडी घालू द्या, मग माश्या काढून थाळी २५ अंशांवर २४ तास ठेवा.

निरोगी अळ्या अंड्यातून निघून जातात, म्युटंट (बिघडलेल्या जनुकाचे भ्रूण) अंड्यातच राहतात. उरलेली अंडी निम्म्याला निम्मे पाणी घातलेल्या ब्लीचमध्ये २–३ मिनिटे ठेवा. अंड्याच्या टोकाची दोन शिंगे विरघळली की लगेच भरपूर पाण्याने धुवा. आतला पडदा काढायला हेप्टेन व मिथेनॉल समप्रमाणात घेऊन अर्धा मिनिट जोरात हलवा. तळाशी बसलेले भ्रूण घ्या, मधल्या थरात अडकलेल्यांचा पडदा निघालेला नसतो. दोन्ही द्रव पेट घेतात, मिथेनॉल विषारीही आहे, म्हणून हे काम फ्यूम हूडमध्येच (वाफा बाहेर ओढणारे प्रयोगशाळेतले कपाट). शेवटी ९ भाग लॅक्टिक आम्ल व १ भाग इथेनॉल यात भ्रूण स्लाइडवर घेऊन ६० अंशांवर रात्रभर ठेवा. घाई केली तर आतले अवयव विरघळत नाहीत आणि पट्टे झाकले जातात.

आता वाचन. छाती आणि पोटाचे पुढचे खंड सलग गायब असतील, तर क्रुप्पेलसारखे गॅप जनुक (बिघडले की सलग खंड गाळणारे) बिघडलेले. एकाआड एक खंड नाही, तर फुशी ताराझू हे जनुक. पट्ट्यांमधली गुळगुळीत जागाच नाहीशी होऊन सगळीकडे दाते, तर विंगलेस हे जनुक. या तिन्हींत आईबाप दोघेही वाहक असतील तर साधारण पाव भ्रूण असे निघतात. बायकॉइड या जनुकाचा हिशेब वेगळा: त्याचा संदेश (आरएनए) आई अंड्यातच भरून ठेवते, म्हणून आईच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील तर तिच्या सगळ्याच भ्रूणांना डोके-छाती नसते. बापाकडून चांगली प्रत आली तरी उपयोग नाही.

सगळ्यात जपायचे ते तापमान. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशी ओलांडतो. ३० अंशांवर नर वांझ होऊ लागतात, हे किमान लगेच कळते. खरा घात वेगळाच: अंडे दोन-तीन तासांचे असताना उष्णतेचा धक्का बसला, तर जनुक धडधाकट असूनही पट्टे तुटतात किंवा जोडले जातात आणि म्युटंटच वाटतात. वीज गेली तर थाळ्या थर्माकोलच्या पेटीत गार पाण्याच्या बाटलीशेजारी ठेवा, आत थर्मामीटर हवाच. प्रत्येक वेळी साध्या माश्यांची एक थाळी त्याच वेळेची, त्याच पेटीत लावा. तिच्यातही तुटके पट्टे दिसले, तर त्या दिवसाची मोजणी टाकून द्या.