घरपट्टीची थकबाकी आणि जप्तीची फी: गावी बंद घर असणाऱ्यांसाठी

गणपतीसाठी गावी जावे, पडवीची कडी काढावी आणि दाराच्या फटीतून आत सरकवलेला, पावसाने अर्धा विरघळलेला कागद पायाशी यावा, हा प्रसंग रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या पुष्कळ चाकरमान्यांच्या ओळखीचा आहे. आमच्या घरी आलेल्या अशा कागदावर घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि पाणीपट्टी यांचे आकडे कसेबसे लागत होते. शेवटी मात्र निळ्या शाईने हाताने ‘हुकूम फी’ अशी एक ओळ लिहिलेली होती आणि ती कोणत्या हुकमाची, हे घरातल्या कोणालाच सांगता येईना. त्या एका ओळीपायी आमचे दोन हेलपाटे झाले. ते इतरांचे वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

प्रथम हातात आलेला कागद कोणता, ते ओळखावे. नमुना 9क म्हणजे कर मागणीचे साधे बिल असते आणि ते आले म्हणून काही बिघडत नाही. बिलाची मुदत टळल्यावर महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 129 खाली मागणीचा हुकूम निघतो आणि तो बजावल्यापासून 30 दिवसांत रक्कम भरली नाही, तरच ग्रामपंचायतीला जंगम म्हणजे हलवता येणाऱ्या मालमत्तेची जप्ती व विक्री करता येते. तिसरा कागद लोकअदालतीची नोटीस असू शकतो. तालुक्याच्या न्यायालयाचे नाव वाचून म्हातारी माणसे हबकतात. प्रत्यक्षात ते वादपूर्व, म्हणजे दावा दाखल होण्याआधीच्या, तडजोडीचे बोलावणे असते आणि तेथे जाणे बहुधा फायद्याचेच ठरते. मात्र लोकअदालतीत झालेल्या निवाड्यावर अपील नसते, म्हणून हिशेब पटल्याशिवाय तेथे सही करू नये. ‘बेलीफ येणार’ अशी आवई गावात उठते, पण बेलीफ हा दिवाणी न्यायालयाचा माणूस. ग्रामपंचायतीच्या वसुलीला येतात ते तिचे अधिकारी आणि शिपाई.

आता फीविषयी. कलम 129 प्रमाणे मागणीच्या हुकमाला, जप्तीला आणि जप्त केलेल्या गुराढोरांच्या चाऱ्यापाण्याला शासनाने नियमांत ठरवलेल्या दराने फी लागते. ही फी त्या त्या टप्प्याची असते. हुकूम निघालाच नसेल तर हुकूम फी कशाची, आणि जप्तीला कोणी घरी आलेच नसेल तर जप्तीचा खर्च कशाचा, हे विचारण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे. म्हणून ग्रामपंचायतीत लेखी अर्ज देऊन चार गोष्टी मागाव्यात: नमुना 8 चा (घराच्या कर आकारणीच्या नोंदीचा) उतारा, वर्षवार थकबाकी, हुकूम कोणत्या तारखेला कोणावर बजावला त्याची नोंद, आणि फी ज्या नियमाने लावली तो नियम व दर. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्यावाच. तोंडी विचारणेला तोंडीच उत्तर मिळते. उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकारात तीच माहिती मागावी, म्हणजे ती 30 दिवसांत देणे भाग पडते.

उत्तर येईपर्यंत मूळ कर मात्र अडवून ठेवू नये. येथेच बहुतेकांची चूक होते: पन्नास रुपयांच्या फीवर वाद घालताना हजारोंची थकबाकी तशीच राहते आणि पुढच्या टप्प्याची फी आपण होऊन ओढवून घेतली जाते. निर्विवाद रक्कम भरावी, फीबाबत ‘हरकत कायम ठेवून’ असे पत्र सोबत द्यावे आणि नमुना 10 च्या पावतीवर मागील बाकी, चालू कर, दंड व फी वेगवेगळी दाखवून घ्यावी. पावतीशिवाय कोणाच्याही हाती पैसे देऊ नयेत, मग तो माणूस वाडीतला, नात्यातला का असेना. कराची आकारणीच मान्य नसेल, तर अपील पंचायत समितीकडे करायचे असते. तो प्रश्न फीच्या वादात मिसळू नये.

जप्तीला माणसे आलीच तर हुकूम पाहावा आणि नेलेल्या वस्तूंची यादी सहीनिशी मागावी. थकबाकीदार व त्याच्या बायकामुलांचे जरुरीचे कपडे, अंथरूण-पांघरूण, स्वयंपाकाची व जेवणाची भांडी, कारागिराची हत्यारे, आणि शेतकऱ्याची अवजारे, बियाणे व पोटापुरती जनावरे यांना कायद्याने हात लावता येत नाही.

रत्नागिरी, चिपळूण, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा नगरपरिषदांच्या हद्दीत 1965 चा वेगळा कायदा लागतो. तेथे जप्तीच्या वॉरंटच्या फीपेक्षा दरमहा 2 टक्क्यांची शास्ती, म्हणजे थकबाकीवरचा दंड, जड जाते: 6,000 रुपये थकले तर महिन्याला 120 आणि वर्षाला 1,440 रुपये. शास्तीत सूट देणारी अभय योजना चालू आहे का, ते भरण्यापूर्वी विचारावे. जप्तीसाठी दार फोडायचे झाल्यास वॉरंटात तसा खास आदेश लागतो आणि तेही सूर्योदय ते सूर्यास्त या वेळातच करता येते.

कोकणातली खरी गाठ मात्र सामायिक घराची आहे. नमुना 8 वर अजून आजोबांचे नाव असते, चुलते ठाण्याला, एक आत्या विरारला, आणि एकाने कर भरला तर तो उद्या घरावर हक्क सांगेल, या धास्तीने कोणीच भरत नाही. ही धास्ती निराधार आहे. घरपट्टीची पावती किंवा नमुना 8 चा उतारा हा कर आकारणीचा कागद आहे. तेवढ्याने कोणी मालक होत नाही आणि कोणाचा हिस्साही जात नाही. आमच्या भावकीत हे समजून द्यायला एक अख्खी दुपार गेली. शेवटी एकाने भरायचे आणि पावतीचा फोटो सर्व हिस्सेदारांना पाठवायचा, असे ठरले. भावकीतून कोणी ग्रामपंचायतीला उभे राहणार असेल, तर बिल बजावल्यापासून 3 महिन्यांत कर न भरणे अपात्रतेचे कारण ठरते, हेही त्याच बैठकीत निघाले आणि दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले.

चालू वर्षाचा कर 30 सप्टेंबरच्या आत भरल्यास ग्रामपंचायतीत 5 टक्के सूट मिळते आणि गणपती नेहमी त्याआधीच येतात. त्याच मुक्कामात मुंबईचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक ग्रामपंचायतीला लेखी कळवून त्याची पोच घ्यावी, आणि पुढचे बिल तेथे पाठवण्याची विनंती त्याच अर्जात करावी.