‘छान आहे’ म्हणजे विक्री नव्हे: सॉफ्टवेअर कंपनी काढताना या चुका टाळा

लोक ‘छान आहे’ म्हणाले म्हणजे सॉफ्टवेअर खपलं, असं धरून चालू नका. आमची दोन वर्षं या एका समजुतीत गेली.

तासगाव भागातल्या कृषी सेवा केंद्रांसाठी आम्ही उधारीचं अ‍ॅप बनवलं होतं. द्राक्षबागायतदार खतं-औषधं उधारीवर नेतो, माल गेला की पैसे भागवतो. त्यामुळे दुकानदाराचा सगळा जीव उधारीच्या वहीत. ज्याला दाखवलं तो खूश. चहा पाजायचा, ‘पोरांनो, चांगलं काम करताय’ म्हणायचा. आम्ही पुण्याला परतून आणखी एक फीचर जोडायचो.

ऑक्टोबरच्या फळछाटणीत एका दुकानात मी सकाळपासून गल्ल्याशेजारी बसून राहिलो, तेव्हा डोळे उघडले. आमच्या अ‍ॅपमध्ये मोबाइल नंबराशिवाय खातंच उघडत नव्हतं. वहीत मात्र नोंदी होत्या ‘पाटील, वरचा मळा’, ‘पाटील, टाकीजवळचे’. उधारी बापाच्या नावावर, माल न्यायला पोरगा, पैसे द्यायला चुलता. नंबर तीन, खातं एक! समोर रांग वाढत होती. दुपारपर्यंत मोबाइल ड्रॉवरमध्ये गेला आणि कानावरचं पेन हातात आलं. संध्याकाळी दुकानदारांनी अगदी मायेनं विचारलं, ‘रात्री निवांत भरलं तर चालेल ना?’

म्हणून डेमो देऊन निघून येऊ नका. ऐन गर्दीत, काही न बोलता, दिवसभर शेजारी बसा. आणि फुकट वापरायला देऊ नका. महिन्याला 200 रुपये का होईना, मागा. फुकट घेतलेला माणूस भिडेपोटी अडचण सांगत नाही, गुपचूप वापरणं सोडतो. पैसे मोजलेला दुसऱ्या दिवशी फोन करून भांडतो. त्या भांडणातूनच आमचं खातं मोबाइल नंबराऐवजी मळ्याच्या नावावर उघडू लागलं.

दुसरी चूक पैशाची. मार्चचा आकडा गाठायचा म्हणून एका वितरकाला आम्ही घाईनं बिल दिलं. त्यावरचा 18 टक्के जीएसटी एप्रिलमध्ये पदरचा भरला. त्यांचे पैसे आले जुलैत. मधे दोन महिने पगार थकले, आणि घरभाडं भरायचं असलेल्या मुलांना तोंड दाखवणं फार जड गेलं. ‘उद्यम’ ही लहान उद्योगांसाठीची सरकारी नोंदणी सुरुवातीलाच करा, बिलावर तो क्रमांक छापा. 2006 च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग) कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. हे माहीत असलं की तगादा लावताना संकोच वाटत नाही.

भागीदार मित्र असला तरी शेअर पहिल्या दिवशी निम्मे-निम्मे वाटून मोकळे होऊ नका. चार वर्षांत टप्प्याटप्प्यानं, आणि पहिलं वर्ष पूर्ण झाल्याशिवाय काहीच नाही, असं लिहून ठेवा. आठव्या महिन्यात कुणी नोकरी धरली तरी मैत्री टिकते.

कोड बाहेरच्या डेव्हलपरकडून लिहून घेतला असेल, तर शेवटचा हप्ता देण्याआधी हक्क हस्तांतराच्या करारावर त्याची सही घ्या. पैसे दिले म्हणून कोड आपोआप तुमचा होत नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पगारी कर्मचाऱ्यानं नोकरीत केलेलं काम सहसा कंपनीचं, कंत्राटावर लिहिणाऱ्याचं मात्र त्याचं स्वतःचं. करारात मुदत आणि प्रदेश दोन्ही लिहा. मुदत लिहिली नाही तर पाचच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.