टाचेच्या ऑपरेशनला होकार देण्याआधी

माझ्याकडे फिजिओथेरपीला येणारे पेशंट एक्स-रे पुढे करून विचारतात, "टाचेचं हाड वाढलंय, ते काढलं की सुटेन ना?" नाही. असं वाढलेलं हाड कधीच न दुखलेल्या टाचांमध्येही दिसतं. दुखतो तो बहुधा टाचेपासून बोटांकडे जाणारा जाड पट्टा, प्लांटर फॅशिया.

पोटरीचे व तळपायाचे ताणाचे व्यायाम, मऊ आधाराची पादत्राणं, रात्रीचा स्प्लिंट (झोपेत पाऊल वर वळलेलं धरून ठेवणारा आधार) हे नेमाने केलं तर दहापैकी साधारण नऊ जण ऑपरेशनविना बरे होतात. वेळ मात्र लागतो. निदान 6 ते 12 महिने दिल्याशिवाय ऑपरेशनचा विषय काढू नका. मधला काळ स्टेरॉइडच्या इंजेक्शनांवर ढकलू नका. ती वारंवार घेतली तर पट्टा फाटू शकतो, टाचेखालची चरबीची गादी झिजते. जळजळ, मुंग्या येत असतील तर नस दबली आहे का, हे आधी पाहून घ्या.

पुढची तपासणी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, आणि तिला दोन मिनिटंही लागत नाहीत. गुडघा सरळ ठेवून डॉक्टर पाऊल वर ढकलतात, मग गुडघा वाकवून तेच करतात. सरळ असताना पाऊल अडलं आणि वाकवल्यावर मोकळं झालं, तर पोटरीचा स्नायू आखडलेला आहे. अशा वेळी तो स्नायू लांबवण्याचं ऑपरेशन विचारात घेतात. त्यात तळपायाच्या पट्ट्याला हातच लावत नाहीत. घोटा नीट वळत असूनही टाच दुखते, तेव्हा पट्ट्याचा आतल्या बाजूचा भाग कापून ताण सोडवतात, दुर्बिणीतून किंवा छेद घेऊन. "पट्टा किती कापणार?" हे सर्जनना बेधडक विचारा. निम्म्याहून कमी, हे उत्तर मला पटतं. जास्त कापला तर तळपायाची कमान खचू शकते आणि पावलाच्या बाहेरच्या कडेला नवं दुखणं सुरू होऊ शकतं.

सिगारेट, तंबाखू आधीच सोडा, साखर आटोक्यात आणा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असाल तर सांगा.

ऑपरेशननंतर पाय स्थिर ठेवणारा बूट किंवा स्प्लिंट असतो. टाके साधारण दोन आठवड्यांनी निघतात. पायावर वजन कधी टाकायचं ते ऑपरेशनच्या प्रकारावर ठरतं, शेजाऱ्याच्या अनुभवावर नाही. उभ्याचं काम असेल तर रजा आठवड्यांच्या नव्हे, महिन्यांच्या हिशेबाने मागा. ताणाचे व्यायाम सर्जननी मोकळीक दिली की पुन्हा सुरू करायचे. पोटरी सुजली, गरम लागली, दुखली तर त्याच दिवशी दाखवा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर तडक इमर्जन्सीत जा.