‘बॅकअप आहे ना’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

डेटा गेला की लोक हार्ड डिस्कच्या कंपनीला शिव्या घालतात. डिस्क कधी ना कधी मरणारच, त्यात नवल काय? खरा घोळ असा की मरेपर्यंत सगळं ‘ओके’ दिसत असतं. स्क्रीनवर ‘सेव्ह झालं’ येतं, बॅकअपच्या प्रोग्रामवर हिरवी खूण असते, नासचा (नेटवर्कला जोडलेल्या, अनेक डिस्कच्या पेटीचा) दिवा शांतपणे पेटलेला असतो. त्या हिरव्या खुणेवर विसंबलेली माणसं ‘डेटा परत काढून द्या’ म्हणत माझ्या टेबलासमोर येऊन बसतात, आणि चुका बघाव्यात तर त्याच त्या.

रेडलाच बॅकअप समजणं

‘रेड लावलंय, आता टेन्शन नाही’ हे ऐकलं की माझं डोकं उठतं. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एकाच मोठ्या डिस्कसारख्या वापरणं. त्यातल्या रेड 5 या प्रकारात एक डिस्क गेली तरी काम थांबत नाही, एवढाच त्याचा उपयोग. चुकून फोल्डर उडवलं तर ते सगळ्या डिस्कवरून एकदमच उडतं. रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर रेड त्या एन्क्रिप्ट झालेल्या फायलीही इमानेइतबारे जपून ठेवतं.

लग्नाचे फोटो काढणारे एक गृहस्थ आले होते. चार डिस्कचा नास, प्रत्येक डिस्क 4 टीबीची, चारही एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेल्या. त्यातली एक गेली आणि नास बीप-बीप करायला लागला. एडिटिंगला बसलेल्या पोराला त्या आवाजाचा वैताग आला, म्हणून त्याने सेटिंगमध्ये जाऊन बीपच बंद केला! लग्नसराई संपल्यावर सवडीने नवी डिस्क आली आणि रीबिल्ड सुरू झालं.

रीबिल्ड म्हणजे गेलेल्या डिस्कचा डेटा नवीवर परत बसवायला उरलेल्या तिन्ही डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायच्या. झाले 12 टीबी. घरगुती डिस्कच्या डेटाशीटवर बारीक अक्षरांत एक ओळ असते: 10 चा 14 वा घात इतके बिट वाचले की त्यात एखादी न वाचता येणारी जागा निघू शकते. हिशोब केला तर हे साधारण 12.5 टीबी होतात. प्रत्यक्षात बऱ्याच डिस्क याहून चांगल्या निघतात, पण इथे तिन्ही डिस्क मेलेल्या डिस्कइतकेच तास, त्याच बंद कपाटात, त्याच उकाड्यात चाललेल्या. मध्येच दुसरी अडकली आणि डिस्कचा अख्खा अ‍ॅरे कोसळला.

इथे थांबले असते तरी बरंच वाचलं असतं. पण त्यांनी व्हिडिओ बघून डिस्क काढल्या, क्रम बदलून परत घातल्या आणि ‘इनिशियलाइज’ दाबलं. ‘सगळा डेटा पुसला जाईल, चालेल का?’ असं ते विचारतं. यांनी ‘येस’ केलं. मला मात्र सांगितलं, ‘‘दादा, आम्ही काहीच केलं नाही.’’ जी थोडी लग्नं वाचली ती फॉरमॅट करायची राहून गेलेल्या मेमरी कार्डांवरून.

मी डिस्क दोन दुकानांतून, मध्ये महिनाभर जाऊ देऊन घेतो. मोठ्या डिस्क असतील तर रेड 6, म्हणजे दोन गेल्या तरी चालतं. आणि हे सगळं असूनही एक डिस्क कायम केबलमधून काढलेली, दुसऱ्या घरात. ही शेवटची सवय लोकांना अतिरेकी वाटते. सप्टेंबर 2025 मध्ये दक्षिण कोरियात देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरला आग लागली आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या फायलींचं जी-ड्राइव्ह जळालं. 858 टीबी डेटा, आणि बाहेर कुठेही प्रत नव्हती.

रिस्टोअर करून न बघणं

रिस्टोअर म्हणजे बॅकअपमधून फाइल परत आणणं. ते करून न बघणं हे आळशीपणाचं टोक. 31 जानेवारी 2017 ला गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुसऱ्याच सर्व्हरवर आहोत असं समजून चालू डेटाबेसचं फोल्डर उडवलं. सुमारे 300 जीबी. बॅकअप शोधायला गेले तर जागा रिकामी. बॅकअप घेणारा प्रोग्राम पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या 9.2 आवृत्तीचा आणि डेटाबेस 9.6 चा, त्यामुळे तो रोज बंद पडत होता. तसे मेलही जात होते, पण तपासणीत नापास होऊन परत फिरत होते. सुमारे सहा तास आधी कुणीतरी चाचणीच्या कामासाठी हाताने स्नॅपशॉट (त्या क्षणाची प्रत) घेतला होता, त्यावर निभावलं. ही सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांची कथा, मग टॅलीचा बॅकअप ‘आपोआप होतो’ म्हणणाऱ्यांचं काय सांगावं?

मी महिन्यातून एकदा कुठलीही एक जुनी फाइल दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून उघडून बघतो. नुसतं नाव दिसणं पुरत नाही, ती उघडली पाहिजे.

‘सेव्ह झालं’वर विश्वास

सेव्ह दाबल्यावर डेटा आधी रॅममध्ये, मग डिस्कच्या स्वतःच्या कॅशमध्ये (तात्पुरत्या जागेत) आणि त्यानंतर कुठे पक्का होतो. मधल्या वेळात वीज गेली की संपलं. 2018 मध्ये पोस्टग्रेसवाल्यांच्या लक्षात आलं की लिनक्सवर डिस्कवर लिहिणं एकदा फसलं आणि परत विचारलं, तर उत्तर ‘यशस्वी’ असंही येऊ शकतं, जरी डेटा पोचलेलाच नसला तरी! म्हणून 2019 पासून अशी चूक आली की डेटाबेस स्वतःलाच बंद पाडतो आणि लॉगवरून, म्हणजे बदलांच्या नोंदींवरून, परत उभा राहतो. तुम्ही निदान यूपीएस घ्या आणि पेनड्राइव्ह ‘इजेक्ट’ करून काढा. दोन सेकंदांची घाई कुणाला नडली नाही असं एकही ऑफिस मला माहीत नाही.

किरकोळ, पण रोजच्या

क्लाउडचं सिंक म्हणजे बॅकअप नाही. इथे डिलीट केलं की तिथेही जातं.

झिजलेली एसएसडी (चिपवाली डिस्क) वर्षानुवर्षं कपाटात ठेवू नका. विजेशिवाय तिच्यातला चार्ज गळतो, आणि उन्हाळ्यात जास्तच.

डिस्क स्वतःच्या तब्येतीचा देते तो ‘स्मार्ट’ रिपोर्ट चांगला म्हणून निवांत राहू नका. गूगलने 2007 मध्ये आपल्या डिस्कचा अभ्यास छापला. मेलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त डिस्कनी चार महत्त्वाच्या स्मार्ट खुणांपैकी एकही दाखवली नव्हती.

फुटपाथवरची 2 टीबीची स्वस्त पेनड्राइव्ह घेऊ नका. ती 2 टीबी असल्याचं फक्त सांगते.

आणि डिस्कमधून कटकट आवाज आला तर चेकडिस्क (विंडोजचं डिस्क तपासायचं साधन) चालवू नका, फ्रीजमध्ये ठेवू नका, ‘एकदाच बघू’ म्हणून परत चालू करू नका. वायर काढा आणि तशीच घेऊन या.