स्टेजवर हेडसेट घालून नाचणार असाल तर आधी लाइटवाल्याशी बोला

क्वेस्टसारखा व्हीआर हेडसेट, म्हणजे डोळ्यांवर बांधून आभासी जग दाखवणारा, आपण कुठे उभे आहोत हे त्याच्यावरच्या कॅमेऱ्यांनी आजूबाजूला बघून ठरवतो, म्हणजे ब्लॅकआउट झाला की तो आंधळा, आणि नाचणाऱ्याला आतलं सगळं जग एकदम सरकलेलं दिसतं किंवा ट्रॅकिंग (जागा ओळखणं) गेल्याचा मेसेज येतो, ते पण ऐन गिरकीत. कथकच्या चक्करांमध्ये हे झालं तर माणूस पडेलच हो.

उपाय फार महाग नाही. सीसीटीव्हीसाठी मिळतात ते इन्फ्रारेड इल्युमिनेटर, म्हणजे डोळ्यांना जवळजवळ न दिसणारा प्रकाश टाकणारे दिवे, दोन-तीन बाजूंनी लावायचे. प्रेक्षकांना अंधारच वाटतो पण कॅमेऱ्याला दिसतं. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीचेच घ्या, ९४० वाले डोळ्यांना अजिबात दिसत नाहीत हे खरं पण हेडसेटच्या कॅमेऱ्यालाही कमीच दिसतात. ८५० च्या दिव्यात जवळून बारीक लाल चमक दिसते, म्हणून ते विंगेत किंवा वर बारवर टांगा.

दुसरं म्हणजे काळे पडदे, काळं फ्लोअर. नुसता सपाट काळा रंग असला की कॅमेऱ्याला धरायला काही खूणच मिळत नाही, मग उजेड असूनही गडबड. फ्लोअरवर पांढऱ्या टेपच्या वेड्यावाकड्या फुल्या मारा, एकसारखी चौकट नको, सगळे कोपरे सारखेच दिसले की हेडसेट पण गोंधळतो. प्रॅक्टिस हॉलमधले आरसे मात्र चादरीने झाका. स्ट्रोब (झपाझप लुकलुकणारा दिवा) तर नकोच.

आणि हद्दीची सेटिंग (हेडसेटला नाचायची जागा आखून देणं) शोच्या लाइटमध्येच करा, दुपारच्या ट्यूबलाइटमध्ये केलेली रात्री ओळखेलच असं नाही.