तालमीत परत जायचंय? आधी कुदळ हातात घ्या

मधे आठ वर्षं गेली. नोकरी, बदली, पोरं, आणि मग गावच्या जत्रेत कुस्त्या बघायला बसलो, हलगी कडाडायला लागली आणि जागेवर बसवेना, पुढच्याच सोमवारी पहाटे पाचला तालमीच्या दारात हजर. परत लंगोट लावायचाय पण सुरुवात कुठून करायची कळत नाही अशी बरीच जण आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी वस्तादांना खरं सांगा. किती वर्षांचा गॅप, कुठला सांधा दुखतो, बीपी-शुगर आहे का, सगळं. चाळिशी ओलांडली असेल तर आधी डॉक्टरकडे जाऊन छातीची तपासणी करून घ्या, यात कमीपणा काही नाही. मी जुन्या गुडघ्याचं बोललोच नाही, ते पुढं भोवलं.

मग पहिला आठवडा नुसता हौदा, म्हणजे कुस्तीची मातीची जागा, उकरा. खरंच सांगतो, यासारखा व्यायाम नाही. पहाटे माती घट्ट बसलेली असते, कुदळ घातली की खालची ओलसर तांबडी माती ढेकळं होऊन वर येते आणि तेल, ताक, हळद, कापूर असा सगळा मिळून वास नाकात शिरतो, ढेकळं पायानं फोडत हौद्याच्या त्या टोकाला पोचेपर्यंत कंबर, खांदे, मनगटं सगळं गरम झालेलं असतं. तळहाताला फोड येतात. येऊ द्यात, पकड तिथूनच परत येते.

आता जोर-बैठका. इथंच लोक फसतात, कारण डोक्यात जुना आकडा असतो. पूर्वी 500 बैठका मारायचो म्हणून पहिल्याच दिवशी 300 मारायला जाऊ नका. 20 जोर, 40 बैठका, बास. दुसऱ्या दिवशी अंग कसं आहे बघून पाच-दहा वाढवा. सवय मोडल्यावर एकदम खूप बैठका मारल्या तर मांडीचे स्नायू आतून तुटून त्यातला कचरा रक्तात उतरतो आणि किडनीवर ताण येतो. मांड्या टम्म सुजल्या, लघवी कोका-कोलासारखी काळपट झाली तर मालीश करत घरी बसू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा. मानेचा ब्रिज, म्हणजे डोकं टेकवून मानेवर अंग तोलणं, तर पहिले तीन आठवडे नकोच.

लढतीची घाई अजिबात नको. दम महिन्या-दीड महिन्यात बराच परत येतो, स्नायूही भरतात, पण सांध्याजवळच्या शिरा, म्हणजे टेंडन, लिगामेंट, त्यांना रक्तपुरवठा कमी म्हणून त्या फार सावकाश तयार होतात, आणि आपल्याला वाटतं आता झालो फिट. मी चौथ्याच दिवशी सतरा वर्षांच्या पोराशी धरली. त्यानं एकेरी पट काढला, म्हणजे माझा एक पाय धरून ओढला, त्याची तोड मला पाठ होती, डोक्यात लगेच आलीसुद्धा, पण पाय मागं टाकायला अर्धा क्षण उशीर झाला आणि वजन सगळं त्याच गुडघ्यावर फिरलं. महिनाभर घरी.

म्हणून पहिला महिना नुसते डाव धरून सोडायचे, समोरच्यानं जोर लावायचा नाही असं आधीच ठरवून. ढाक, कलाजंग असले उचलून टाकायचे डाव मागं ठेवा, खाली बसून घिस्सा, सवारी यावर वेळ द्या, त्यात पडायची भीती कमी. मग आपल्यापेक्षा हलका, समजूतदार जोड बघून दोन-दोन मिनिटं.

मातीतून उठून आता मॅटवर जाणार असाल तर स्वतःला नवखाच समजा. खाशाबा जाधवांसारखा पैलवान 1948 ला लंडन ऑलिंपिकला गेला तेव्हा मॅटची सवय नव्हती, सहावा आला, आणि तयारी करून 1952 ला हेलसिंकीत ब्राँझ घेऊन आला. मॅटवर पाय चिकटतो, गुडघा पिळवटतो, बूट चांगले घ्या.

खुराकाचं एवढंच की मेहनत अर्धी तर तूप-बदामही अर्धे.

आणि टॉवेल, लंगोट दुसऱ्याचा वापरायचा नाही, रोज धुऊन उन्हात वाळवायचा, घरी आल्या आल्या अंघोळ. अंगावर गोल खाजरा चट्टा दिसला तर तो नायटा असू शकतो, स्किनच्या डॉक्टरला दाखवा आणि बरं होईपर्यंत हौद्यात उतरू नका, तालमीतल्या सगळ्या पोरांना लागतो. तेवढे दिवस बाहेर बसून लढती बघा, पोरांचे पाय कुठं पडतायत ते बघा.