नेपाळला जाताना आधार कार्डावर अडलेलं काम कसं सुटलं

फोंड्याहून आम्ही चौघं पशुपतिनाथाला निघालो होतो, गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि पुढे सोनौलीच्या नाक्यावरून. टूरवाल्यानं सांगितलं, "आधार घ्या, बास." मला ते पटेना. नियम काढून वाचला: १५ ते ६५ वयाच्या भारतीयांना नेपाळसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. आधार चालतं ते १५ च्या आतल्यांना आणि ६५ च्या वरच्यांना.

म्हणजे सत्तरीतल्या आईची काळजी मिटली. माझ्याकडे पासपोर्ट होता. प्रश्न उरला हिचा आणि अकरावीतल्या लेकीचा.

हिचं मतदार कार्ड होतं, पण लॅमिनेशन सुटून पाणी शिरलेलं, फोटोत नुसती टिकली आणि पदराची कड दिसत होती. असं कार्ड सीमेवर दाखवणं मला धोक्याचं वाटलं. मतदार पोर्टलवर फॉर्म ८ भरून बदली कार्ड मागितलं. ते निघायच्या आधी हातात पडलं, जीव भांड्यात पडला.

लेक सोळाची. १५ ते १८ च्या मुलांना मुख्याध्यापकांनी ठरावीक नमुन्यात दिलेला ओळखीचा दाखला चालतो. तो नमुना छापून मीच शाळेत नेला, कारण साध्या बोनाफाईडवर भागत नाही. मॅडमनी सही-शिक्का लगेच दिला. शिवाय रेशन कार्डही सोबत घेतलं, नातं दाखवायला. कुटुंबातल्या एका मोठ्याकडे पासपोर्ट असेल तर बाकीच्यांना नात्याच्या पुराव्यावर सवलत मिळू शकते, पण म्हातारी आई बरोबर असताना नुसत्या सवलतीवर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळी कागदपत्रं मूळ न्या, झेरॉक्स वेगळ्या पिशवीत.